तक्रार नसताना हृदयाचा सीटी स्कॅन: कोणासाठी, केव्हा आणि पुढे काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४६, पुरुष, धूम्रपान नाही, छातीत कधी दुखलेले नाही. वडिलांना ५१व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. रक्तदाब १३४/८६, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, दर डेसिलीटरमागे १४२ मिलिग्रॅम, साखर सामान्य, आणि वर्षभरापूर्वीची स्ट्रेस टेस्ट, म्हणजे व्यायाम करवून घेऊन केलेली हृदयाची तपासणी, निर्दोष. हृदयविकाराचे मृत्यू दोन तृतीयांशांनी घटल्याचे एकीकडे वाचनात येते आणि दुसरीकडे झटक्याच्या कितीतरी आधी धोका दाखवणाऱ्या नव्या स्कॅनविषयी ऐकायला मिळते. अशा वेळी स्कॅन करून घ्यावा का, आणि स्ट्रेस टेस्ट चांगली आली असताना त्याची गरज उरते का?

निष्कर्ष आधी सांगतो, कारणे नंतर. शिरेत औषध न टोचता होणारा, हृदयधमन्यांतील कॅल्शियम मोजणारा साधा कॅल्शियम स्कॅन तुमच्या बाबतीत उपयोगी ठरू शकतो. शिरेत औषध टोचून धमन्यांचे आतले चित्र घेणाऱ्या संपूर्ण सीटी अँजिओग्राफीची आज गरज दिसत नाही. स्ट्रेस टेस्ट चांगली आली याचा तुम्ही लावलेला अर्थ मात्र त्या तपासणीला पेलणारा नाही. आणि निकाल काहीही आला तरी तुमच्या वागण्यात किंवा औषधोपचारात काहीच बदलणार नसेल, तर स्कॅन करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृत्यू घटल्याची जी बातमी तुम्ही वाचली ती बहुधा अमेरिकेतील १९७० ते २०२२ या काळातील मृत्यूनोंदींच्या अभ्यासावर आधारलेली आहे. हा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकसंख्येच्या वयोरचनेतील फरक वजा करून पाहिल्यास, २५ वर्षे व त्यावरील प्रौढांमध्ये हृदयविकाराचा मृत्युदर दर लाखामागे ७६१ वरून २५८ पर्यंत उतरला, म्हणजे ६६ टक्क्यांनी घटला, आणि तीव्र झटक्याने होणारे मृत्यू तर ८९ टक्क्यांनी कमी झाले. यामागे अनेक गोष्टी आहेत: धूम्रपानात झालेली मोठी घट, रक्तदाबावरील परिणामकारक औषधे, अतिदक्षता कक्ष, १९७७ पासून रुजलेली अँजिओप्लास्टी, गुठळी विरघळवणारी औषधे आणि १९८७ पासून उपलब्ध झालेली, कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन गटातील औषधे. कोणत्याही एका शोधाला याचे श्रेय देता येणार नाही.

त्याच अभ्यासाच्या उत्तरार्धाची चर्चा मात्र फारशी होत नाही. १९७० मध्ये हृदयविकाराच्या एकूण मृत्यूंपैकी ९१ टक्के मृत्यू हृदयाचा रक्तपुरवठा अडल्यामुळे होत होते. २०२२ मध्ये हे प्रमाण ५३ टक्क्यांवर आले. उरलेली जागा इतर विकारांनी भरून काढली. हार्ट फेल्युअरमुळे, म्हणजे हृदयाची कार्यक्षमता ढासळल्यामुळे होणारे मृत्यू १४६ टक्क्यांनी वाढले, उच्च रक्तदाबजन्य हृदयविकाराचे १०६ टक्क्यांनी आणि ठोक्यांच्या अनियमिततेमुळे होणारे ४५० टक्क्यांनी. या शेवटच्या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही, कारण मूळ संख्या लहान असली की टक्केवारी फुगलेली दिसतेच. तरीही दिशा खरी आहे. पूर्वी जो रुग्ण पहिल्याच झटक्यात दगावत असे, तो आज वाचतो आणि इजा झालेल्या स्नायूसह पुढची वीस वर्षे जगतो. त्यातच लठ्ठपणा, मधुमेह आणि नीट आटोक्यात न ठेवलेला रक्तदाब यांची भर पडते. शिवाय दर घटला म्हणजे संख्या घटली असे होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी जगभरात १ कोटी ७९ लाख मृत्यू झाले, म्हणजे एकूण मृत्यूंच्या ३२ टक्के, आणि त्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. झटक्यानंतरच्या उपचारांतून मिळण्यासारखा बराचसा लाभ आता मिळून चुकला आहे. पुढची घट मुख्यतः झटका येण्याआधीच्या वर्षांत मिळवावी लागेल, आणि तुमचा प्रश्न नेमका त्याच टप्प्यावरचा आहे.

आता स्ट्रेस टेस्टकडे वळू. धमनी म्हणजे हळूहळू चोंदत जाणारा नळ, हे चित्र बहुतेकांच्या मनात पक्के बसलेले असते, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. धमनीतील चरबीचा थर, ज्याला आम्ही प्लाक म्हणतो, तो वाढू लागला की सुरुवातीची बरीच वर्षे धमनी बाहेरच्या बाजूने फुगत जाते आणि आतली वाट जवळपास तशीच राहते. स्ट्रेस टेस्ट मोजते ते व्यायामाच्या वेळी स्नायूला रक्त कमी पडते का एवढेच, आणि त्यासाठी धमनी साधारणपणे ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झालेली असावी लागते. बरेचसे झटके मात्र त्याहून कितीतरी कमी अरुंद असलेल्या ठिकाणी येतात. आत मऊ चरबी साठलेल्या, वर पातळ आवरण असलेल्या आणि दाह चालू असलेल्या प्लाकचे आवरण फाटते, तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडते. म्हणून निर्दोष स्ट्रेस टेस्टनंतर काही महिन्यांत झटका आलेला रुग्ण पाहून त्याचे नातेवाईक चकित होतात, डॉक्टर होत नाहीत. ती तपासणी चुकलेली नसते; तिला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

हा आजार किती लवकर सुरू होतो याची जाणीव वैद्यकविश्वाला १९५३ मध्ये झाली. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनात, सरासरी वय अवघे २२ असताना, सुमारे ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत रोगाच्या खुणा आढळल्या होत्या. अलीकडे स्वीडनमध्ये ५० ते ६४ वयाच्या, हृदयविकाराचा कोणताही पूर्वेतिहास नसलेल्या २५ हजारांहून अधिक नागरिकांची सीटी अँजिओग्राफी करण्यात आली. त्यांपैकी ४२.१ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत प्लाक दिसला, पण ५० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंदपणा फक्त ५.२ टक्के जणांत होता. म्हणजे आजार सर्रास आहे आणि अडथळा त्या मानाने विरळा. केवळ अडथळा शोधणारी तपासणी आजार असलेल्यांपैकी बहुसंख्यांना निरोगी ठरवून घरी पाठवते.

कॅल्शियम स्कॅन हे अंतर काही प्रमाणात भरून काढतो. जुना प्लाक कालांतराने कॅल्शियम धरू लागतो आणि ते कॅल्शियम सीटीमध्ये स्पष्ट दिसते. त्याची मोजदाद करण्याची पद्धत आर्थर अॅगॅट्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली आणि आजही तोच स्कोअर वापरला जातो. तपासणीला काही मिनिटे लागतात आणि किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून आपल्याला वर्षभरात सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. अमेरिकेतील मेसा अभ्यासात २००० सालापासून ६,८१४ जणांचा पाठपुरावा झाला, आणि वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांच्या आधारे काढलेल्या धोक्यात हा स्कोअर मोलाची भर घालतो हे त्यातून सिद्ध झाले. २०१८च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनुसार, निर्णय अधांतरी असलेल्या व्यक्तीचा स्कोअर १०० किंवा अधिक असेल तर स्टॅटिन सुरू करावे, १ ते ९९ असेल तर, विशेषतः ५५ वर्षांपुढे, कल औषधाकडे असावा, आणि शून्य असेल तर औषध पुढे ढकलता येते.

या शून्याला अपवाद आहेत आणि त्यांतला एक तुम्हाला लागू पडतो. धूम्रपान करणारे, मधुमेही आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेले लोक यांच्या बाबतीत शून्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये, असे त्याच सूचना सांगतात. कारण मऊ, अजून कॅल्शियम न धरलेला प्लाक या स्कॅनला दिसत नाही. स्वीडनच्या अभ्यासात स्कोअर शून्य असलेल्यांपैकी ५.५ टक्के जणांच्या धमन्यांत प्लाक होताच. उलट बाजूने, ४६व्या वर्षी स्कोअर ४० आला तर तो लहान आकडा समजू नये. या वयात बहुतेकांचा स्कोअर शून्य असतो. त्यामुळे तुलना नेहमी त्याच वयाच्या आणि लिंगाच्या लोकांशी करायची असते, आणि अहवालात दिलेला पर्सेंटाइल नेमके तेच सांगतो.

सीटी अँजिओग्राफीची गोष्ट वेगळी. तिच्यात शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे रक्तवाहिन्या प्रतिमेत उठून दिसाव्यात यासाठीचे औषध, देतात, त्यामुळे धमनीची आतली वाट, अडथळा आणि मऊ प्लाकही दिसतो. छातीत दुखण्याची तक्रार असलेल्यांसाठी तिचा उपयोग आता निर्विवाद म्हणावा असा आहे. स्कॉटलंडमधील स्कॉट-हार्ट चाचणीत अशा ४,१४६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक विभागणी झाली. नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी अँजिओग्राफी झालेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका २.३ टक्के जणांना आला, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के जणांना. २०२५ मध्ये दहा वर्षांचे निकाल आले तेव्हाही फरक टिकून होता: ६.६ टक्के विरुद्ध ८.२ टक्के. पण पाच वर्षांअखेर अँजिओप्लास्टी आणि बायपास यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते, हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फरक होता तो प्रतिबंधक औषधांचा. प्लाक डोळ्यांना दिसल्यावर डॉक्टरांनी योग्य रुग्णाला औषध दिले आणि रुग्णानेही ते घेतले. इस्केमिया या २०२० च्या चाचणीचा निष्कर्ष याला पूरकच आहे. स्थिर आजाराच्या ५,१७९ रुग्णांत, उत्तम औषधोपचारांवर सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपासची भर घातल्याने मृत्यू आणि झटके एकत्रितपणे कमी झाले नाहीत. छातीतील वेदना मात्र अधिक आटोक्यात आल्या. झटका चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी प्राण वाचवते, तो विषय अर्थातच निराळा.

यावरून तक्रार नसलेल्या प्रत्येकाची सीटी अँजिओग्राफी करावी, अशी उडी मारता येत नाही. डेन्मार्कमध्ये ६५ ते ७४ वयाच्या ४६,६११ पुरुषांवर झालेल्या डॅनकॅव्हास चाचणीत कॅल्शियम स्कॅनसह व्यापक तपासणीचे निमंत्रण देण्यात आले. पाच वर्षांनंतर एकूण मृत्यू निमंत्रित गटात १२.६ टक्के आणि इतरांत १३.१ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीला उतरला नाही. निमंत्रितांपैकी ६२.६ टक्केच लोक प्रत्यक्ष आले आणि पाच वर्षे हा काळही थोडा आहे, हे या निकालावरचे आक्षेप रास्त आहेत. पण ते आक्षेप आहेत, लाभाचा पुरावा नव्हे. तक्रार नसलेल्या ४० ते ७० वयाच्या लोकांत सीटी अँजिओग्राफीने खरेच झटके कमी होतात का, हे तपासण्यासाठी स्कॉटलंडमध्येच स्कॉट-हार्ट २ ही चाचणी हाती घेतली गेली आहे. त्या प्रश्नाचे उत्तर चाचणीतूनच मिळायला हवे. स्कॅनमध्ये फुप्फुसातील एखादी निरुपद्रवी गाठ दिसणे आणि त्यामागे पुढची दोन वर्षे तपासण्यांत जाणे हा अनुभवही दुर्मीळ नाही. ही किंमत कोणत्याही जाहिरातीत छापलेली नसते.

नव्या तंत्रांपैकी धमनीभोवतालच्या चरबीचे मोजमाप मला खरोखर आशादायक वाटते. धमनीच्या भिंतीत दाह असेल तर तिच्या लगतच्या चरबीचे स्वरूप बदलते आणि हा सूक्ष्म बदल सीटीच्या प्रतिमेतून संगणक ओळखू शकतो. ब्रिटनमधील ४०,०९१ रुग्णांच्या ऑरफॅन अभ्यासात, जो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, सुमारे ८१ टक्के जणांच्या धमन्यांत लक्षणीय अडथळा नव्हता, आणि तरीही हृदयासंबंधीच्या गंभीर घटनांपैकी सुमारे दोन तृतीयांश याच लोकांत घडल्या. अडथळ्यांच्या मागे लागण्यात काय निसटते, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने प्लाकचे आकारमान आणि प्रकार मोजणाऱ्या प्रणालीही वापरात येत आहेत. मात्र धोका अधिक अचूक सांगता येणे आणि त्या माहितीवर केलेल्या उपचारांनी आयुष्य वाढणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली चढून झाली आहे, दुसरीचे काम चालू आहे.

प्रतिबंधाकडे येताना सांगायचे ते हे, की येथे नवलाई कमी आणि खात्री जास्त आहे. आठ भौगोलिक विभागांतील ३४ देशांच्या १५ लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, वजन, वरचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि मधुमेह या पाचच घटकांनी स्त्रियांमधील ५७.२ टक्के आणि पुरुषांमधील ५२.६ टक्के नव्या हृदय व रक्तवाहिनी विकारांचा हिशेब लागला. २०२५ मध्ये त्याच गटाने दाखवले की पन्नाशीत या पाचांपैकी एकही नसलेल्या स्त्रियांना, पाचही असलेल्यांच्या तुलनेत, या विकारांशिवायची १३.३ वर्षे आणि पुरुषांना १०.६ वर्षे अधिक मिळतात.

तुमच्या आकड्यांत मला सर्वांत जास्त खटकते ते १४२ हे एलडीएल, आणि ते किती वर्षे तसेच राहिले आहे हा त्याहून मोठा प्रश्न आहे. एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने कमी केले की पुढील काही वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना साधारण एक पंचमांशाने घटतात, हे स्टॅटिनच्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून पक्के झाले आहे. पण जन्मापासूनच एलडीएल कमी असलेल्यांना मिळणारे संरक्षण त्याच्या कितीतरी पट असते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी निरीक्षणानुसार, एलडीएलच्या पातळीवर परिणाम करणाऱ्या पीसीएसके९ या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या कृष्णवर्णीय लोकांचे एलडीएल फक्त २८ टक्क्यांनी कमी होते, पण १५ वर्षांत त्यांच्यातील हृदयधमनी विकार ८८ टक्क्यांनी कमी आढळला. धमनीच्या भिंतीवर होणारा परिणाम हा एलडीएलची पातळी आणि वर्षे यांच्या गुणाकाराचा असतो. म्हणूनच केवळ दहा वर्षांचा धोका मोजून चाळिशीतल्या माणसाला निर्धास्त करणे मला पटत नाही. वय कमी असल्यामुळे तो आकडा लहान येणारच. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये आणलेली प्रिव्हेंट ही धोका मोजणारी समीकरणे वयाच्या तिशीपासून तीस वर्षांचा धोकाही सांगतात आणि त्यांत मूत्रपिंडाचे कार्य विचारात घेतले जाते. त्यांत कौटुंबिक इतिहास धरलेला नाही, एवढे मात्र तुम्ही लक्षात ठेवावे.

रक्तदाबाबाबत फार लिहीत नाही. आधी घरी, योग्य मापाचा पट्टा वापरून, आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजा आणि सरासरी काढा. ती १३०/८० च्या खाली असावी, हे आजचे व्यवहार्य उद्दिष्ट आहे. ५० वर्षांवरील, जास्त धोक्याच्या ९,३६१ जणांवरील स्प्रिंट चाचणीत वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट धरल्यावर मुख्य घटना २५ टक्क्यांनी घटल्या होत्या, जरी काहींना चक्कर येणे आणि मूत्रपिंडावर ताण येणे असे त्रासही झाले.

ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका. ज्यांना कधी झटका आलेला नाही अशा, मुख्यतः सत्तरीपुढच्या १९,११४ लोकांच्या २०१८ च्या ॲस्प्री चाचणीत हृदयासाठी ठोस लाभ दिसला नाही आणि रक्तस्राव मात्र वाढला. स्टॅटिनबद्दलची भीती याच्या अगदी उलट प्रकारची आहे. २०२२ च्या एका मोठ्या विश्लेषणानुसार स्टॅटिन घेणाऱ्यांनी सांगितलेल्या स्नायूदुखीपैकी ९० टक्क्यांहून अधिक दुखण्याचे कारण स्टॅटिन नव्हते, कारण बनावट गोळी घेणाऱ्यांतही ती जवळजवळ तितकीच होती. मधुमेह आणि वजन कमी करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाने २०२३ च्या सिलेक्ट चाचणीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना २० टक्क्यांनी कमी केल्या खऱ्या, पण ते रुग्ण आधीच हृदय वा रक्तवाहिनी विकार असलेले आणि वजन जास्त असलेले होते. तो निष्कर्ष तुम्हाला आज लागू होत नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी घरच्या रक्तदाबाची नोंद, लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, पुन्हा एकदा, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि आयुष्यात एकदा करायची लायपोप्रोटीन-ए या एलडीएलसारख्या घटकाची रक्ततपासणी. या घटकाची पातळी प्रामुख्याने अनुवांशिक असते, सुमारे पाचांतील एका व्यक्तीत ती वाढलेली आढळते आणि आहार-व्यायामाने ती फारशी हलत नाही; वडिलांच्या ५१व्या वर्षीच्या झटक्यामागे ती असण्याची शक्यता पडताळायलाच हवी. एवढ्यावरून तुम्ही आणि तुमचे डॉक्टर स्टॅटिन सुरू करण्याच्या निर्णयावर आलात तर स्कॅनची गरज उरत नाही. मन दोन्हीकडे असेल तर कॅल्शियम स्कॅन करा. शून्य आला तर, वडिलांच्या आजारामुळे त्यावर पूर्ण भिस्त न ठेवता, आहार, वजन आणि व्यायाम यांवर नेटाने काम करून साधारण पाच वर्षांनी पुन्हा पाहता येईल. काहीही आढळले तर औषध सुरू करून चार ते बारा आठवड्यांनी एलडीएल तपासा. स्टॅटिन चालू असताना कॅल्शियम स्कोअर पुन्हा पुन्हा काढत बसू नका. स्टॅटिनमुळे मऊ प्लाक घट्ट आणि स्थिर होतो, त्यात कॅल्शियम वाढते आणि आजार सुधारत असतानाही आकडा चढलेला दिसू शकतो.

मधल्या काळात चालताना छातीत दाब, घसा किंवा जबड्याकडे जाणारी कळ, अकारण धाप असे काही जाणवले तर वरचा सगळा क्रम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा, आणि बसल्या जागी असा त्रास काही मिनिटे टिकला तर थेट रुग्णवाहिका बोलवा. लायपोप्रोटीन-ए दर डेसिलीटरमागे ५० मिलिग्रॅम किंवा दर लिटरमागे १२५ नॅनोमोलच्या वर निघाले, तर तुमच्या भावंडांनी आणि मुलांनीही ती तपासणी एकदा करून घ्यावी.